डोळ्याच्या बोटभर वर

रबराचं झाड माझ्याहून उंच झालं
तसं त्याला पडद्याच्या दांडीशी बांधलं,
परकराच्या लाल नाडीनं.
खाली नुसता दांडा, अंगठ्याएवढा,
वर सात पानं, जड,
सगळी खिडकीकडे तोंड करून.
कूलर लावला की पडायचं.
गेल्या नवतप्यात तीनदा पडलं.
तिसऱ्यांदा कुंडीची कड गेली.

टेलिफोन ऑफिसातला शेवटचा दिवस:
हार, घड्याळ, आणि हे.
गुडघ्याएवढं होतं, बुडापासून भरलेलं.
मग खालून एकेक पान गळत गेलं
आणि मी उंचीच मोजत राहिले.

महाराजबागेकडच्या नर्सरीत उमरेडकर म्हणाला,
"कापून टाका ना जी त्याले."
"कुठून?"
"डोळ्याच्या बोटभर वरून. डोळा माहीत आहे न?"

माहीत नव्हता.
घरी येऊन चष्मा लावला,
दांड्यावरून बोट फिरवलं.
जिथून पान गेलं तिथं एक कडं,
कड्यावर मोहरीएवढा उंचवटा.
मोजले. एकोणीस.
नऊ वर्षं मी पाणी घालत होते
आणि हे एकोणीस डोळे मिटून उभं.

सुरी दोनदा गॅसवर तापवली,
दोनदा हातात थंड झाली.
तिसऱ्यांदा कापलं.
पांढरा चीक धावला, थांबेना.
फडक्यानं पुसला, वर उदबत्तीची राख दाबली.
शेंडा दुसऱ्या कुंडीत खोचला,
डोक्यावर दुधाची धुतलेली पिशवी.

मग दीड महिना
खोलीत एक काठी.
दर गुरुवारी तिला पाव फेरा फिरवायची.
पोछा मारता मारता शकून म्हणाली,
"काठीले पाणी टाकून राहिल्या का बाई?"
टाकून राहिले, म्हटलं.
तीस वर्षं हेडफोन घालून
माझी मान डावीकडे गेलेली,
त्या मानेला ती काठी
सरळच दिसायची.

कूलरला नवी खस लावायला पोरगा आला.
त्यानं कुंडी सरकवली, थांबला.
"आजी, याले मिरची लागली काय?"

वाकले.
लाल टोक, पेराएवढं, घट्ट गुंडाळलेलं.
आणि मागं, भिंतीच्या अंगाला,
जिकडे उजेडही नाही,
तिकडे दुसरं.

शेंड्याचं अजून काही सांगता येत नाही.
पिशवीत घाम धरून बसलाय.

दांडीला नाडी तशीच आहे.
सोडायची राहिली.
कूलर लावला की
रिकामी गाठ हलते.