दुसरा रकाना

संध्याकाळी सातला टाऊन हॉलचं दार लावलं
आणि एल्डनने पेटीचं कुलूप काढलं.
बाहेर नोव्हेंबर. पानं गळून गेलीयत, बर्फ यायचाय,
डोंगर नुसते काटक्यांचे.
आत तीनशे बारा मतपत्रिका, दोन थर्मास,
आणि शनिवारच्या चिकन-पायच्या जेवणावळीचा
पडद्यांत अडकून राहिलेला वास.

आमच्या गावात यंत्र नाही. हाताने मोजतो.
ऑर्विल वाचतो, मी रेघा मारते,
चार उभ्या, एक आडवी, पाचाची मोळी.

गव्हर्नरचा रकाना भराभर संपला.
त्याच्याबद्दल प्रत्येकाला मत होतं,
दोघांना तर दोन-दोन. ती बाद झाली.

मग लेफ्टनंट गव्हर्नर.
इथे ऑर्विलचा आवाज जरा उतरतो,
डांबरी सोडून कच्च्या रस्त्याला लागलेल्या गाडीसारखा.
कूलब्रॉथ. रिकामं. रिकामं. हेझन. रिकामं.

काय करतो गं हा माणूस,
मुलाने विचारलं होतं, नमुना मतपत्रिका हातात धरून.
म्हटलं, सिनेटमध्ये हातोडा घेऊन बसतो.
दोन्ही बाजू सारख्या झाल्या तर आपलं एक मत टाकतो.
गव्हर्नर परगावी गेला की राज्य त्याच्याकडे,
शेजाऱ्याकडे मांजर ठेवावं तसं.
म्हणजे वाट बघतो, मुलगा म्हणाला.
हो. पगार घेऊन वाट बघतो.

कूलब्रॉथबाई ऑगस्टमध्ये येऊन गेल्या.
भाषणाला अकरा माणसं.
नंतर बाह्या सारून आमच्याबरोबर बश्या विसळल्या,
तेव्हा मेव्हिसने विचारलं, तुम्ही कुणाकडच्या पाहुण्या?
मला वाटलं होतं, त्या बश्या आज मतांत दिसतील.
रिकामं. हेझन. रिकामं.

साडेनऊला ऑर्विल थांबला.
मतपत्रिका दिव्याकडे धरली,
चष्मा पुसला, परत धरली.
उमेदवारांच्या खालच्या कोऱ्या ओळीवर
कुणीतरी पेन्सिलीने नाव लिहिलं होतं.
वायनोना टीबो.

त्याची बायको.
एकतीस वर्षं याच टेबलाशी, सहायक कारकून.
कारकून तीन बदलले.
कुठली किल्ली कुठल्या कपाटाची, हे तिलाच ठाऊक.
शाळेची बस चुकलेल्या पोरांना पायरीवर घेऊन बसायची,
आई येईपर्यंत, अंधार पडला तरी.
फेब्रुवारीत गेली.
जमीन इतकी गोठलेली की पुरायला मे उजाडला.

इतर मध्ये टाकू या का, एल्डन म्हणाला,
मग त्यानेच नियमांची वही उघडली
आणि त्यानेच मिटली.
जे लिहिलंय ते वाचायचं.
ऑर्विलने वाचलं,
मतपत्रिकेवर नसलेल्या तिच्या मधल्या नावासकट.

मी एक उभी रेघ मारली.
एका रेघेची मोळी होत नाही.

अक्षर मागे कललेलं, डावखुऱ्याचं.
मी काही बोलले नाही.
गावात डावखुरे आठ-दहा तरी असतील,
त्यातला एक माझ्या घरी,
सप्टेंबरात अठरा पूर्ण झालेला.

कूलब्रॉथ एकशे चार. हेझन सत्त्याण्णव.
रिकामी एकशे दहा.
म्हणजे आमच्या गावात कुणीच नाही निवडून आलं,
किंवा कुणीच नाही हेच निवडून आलं. एल्डन हसला,
मग ऑर्विलकडे बघून गप्प झाला.

राजधानीला फोन लावला.
तिकडे कुणी तरुण मुलगी, दमलेली,
मागे बाकीच्या गावांचे फोन वाजत होते.
वायनोना काय? स्पेलिंग सांगा.

ऑर्विलने रिसीव्हर मागून घेतला.
एकेक अक्षर सांगितलं, परत एकदा सांगितलं.
शेवटची दोन बोलायची नाहीत, तो म्हणाला,
पण लिहायची.