टाच

रात्री अडीचला सुमिए उठते,
अक्षरांची पारदर्शक पाटी
दोघांच्या डोळ्यांमध्ये धरते.
तोकुजीची नजर थांबते: का.
पुन्हा का.
मग बराच वेळ काहीच नाही,
डोळ्यांत पाणी साचतं, ती टिपते.
तो.
काकातो. टाच.

चाळीस वर्षं ट्यूनाच्या होडीवर
अनवाणी रोवलेली,
आता चादरीची एक चुणी सोसत नाही.

ती पोटरीखाली टॉवेलची वळकटी सरकवते.
टाच अधांतरी.
"इथे?" पापणी हलत नाही.
जरा डावीकडे. "इथे?"
मिटते.

पेरभर अंतर.
पाऊण तास गेला त्यात.

बाहेर कुमानोच्या समुद्रात होडी निघालीय.
कुणाची, ते त्याला इंजिनावरून कळलंय,
पण सांगायचं तर
पाटी पुन्हा उचलावी लागेल.
झोपू दे तिला.