शेपूट

तार्तूत नोव्हेंबरात चारच्या आत दिवस मिटतो.
बेकरीच्या मागच्या दाराला आईचा तक्ता:
रात्र भरली की एक, सुट्टी असली की शून्य.
वर लाल शाईत ऊर्वेबाईंचा नियम,
सलग तीन रात्री कुणीही नाही.

किविसार सरांनी गृहपाठही नेमका तोच दिला:
शून्य-एकाच्या अशा सगळ्या माळा पकडा
ज्यांत १११ कुठंच येत नाही.
मी हात वर केला. सर, 'नाही'चं चिन्ह कोणतं?
सरांनी चष्मा पुसला.
"'नाही'ला इथं चिन्ह नाही, लेलो.
हे किंवा ते. यानंतर ते. हवं तितक्या वेळा.
एवढ्यातच काय ते म्हण."

मला तर लहानपणापासून नकोच पाठ.
नदीवरच्या कोवळ्या बर्फावर नको.
ओल्या केसांनी बाहेर नको.
रात्री आईला फोन नको.
पण सगळी नको वजा केल्यावर
काय काय उरतं,
ते कुणी कधी मोजून दिलं नव्हतं.

स्वयंपाकघरात, राईच्या पावाची कड चावत,
पानभर खोडलं.
मग आईच आठवली.
ती एक रात्र जाते, मग झोपते.
किंवा दोन जाते, मग झोपते,
तेव्हा बूटही काढत नाही.
किंवा जातच नाही.
म्हणजे विटा तीनच:
०
१०
११०
रचा कितीही, कुठल्याही क्रमानं,
सांध्यातसुद्धा तीन एक शेजारी येत नाहीत.
'नको' कुठं लिहिलंच नाही
आणि तरी पाळलं गेलं.

सरांनी फळ्यावर फक्त ११ लिहिलं.
"ही बसते?"
बसेना.
माझी प्रत्येक माळ सुट्टीवरच संपत होती.
हत्ती गेला, शेपूट राहिलं:
शेवटी एक, किंवा दोन एक, किंवा काहीच नाही.

(०|१०|११०)*(रिकामं|१|११)

आज गुरुवार. आईची दुसरी रात्र.
आत्ता आमचं घर त्या शेपटातच राहतंय,
दोन एक पडलेत, पुढचं शून्य अजून यायचंय.

सकाळी सहाला ती आली, भुवयांत पीठ.
मी कागद पुढं केला. बघ, म्हटलं,
मार्चचा तुझा आठवडा घालून पाहिला,
०११०११०,
चोख बसतो.

तिनं बोट ठेवलं मधल्या शून्यावर.
"रैवोच्या बायकोला बाळ झालं ती रात्र.
मी भट्टीपाशीच होते."
मग शून्य कुणी लिहिलं?
नळ सोडून ती कोपरापर्यंत हात धुवत राहिली.
"पेन्सिल ऊर्वेबाईंची होती," म्हणाली.
"पाव चांगले फुगले होते त्या रात्री."