बेअरिंग

सदरमध्ये, चपलांच्या दुकानावर, दुसरा मजला.
मे महिना. बाहेर सेहेचाळीस, आत हिरवं टेबल
आणि टेबलावर उरलेले दोनच चेंडू.
डॉक्टर फुलझेले चारने पुढे.
काळ्याचे सात.
हिशेब सोपा आहे.

हिशेब सोपा असला की डोकं मोकळं होतं
आणि मोकळ्या डोक्यात माणसं शिरतात.
गिट्टीखदानच्या मावशी : उद्या नऊला ये, ताट्या बदल, वाळ्याच्याच हव्यात.
मोपेडचा हप्ता.
पोरगा, ज्याला अपूर्णांक कळत नाहीत
आणि मलाही कळत नाहीत हे ज्याला कळलंय.
मी म्हणतो, बसा.
भिंतीला लागून बाक आहे, तिथं बसा सगळे.
बसतात. खरंच बसतात.
वीस वर्षं खेळून मला एवढंच जमलंय.

वाकतो.
हनुवटी क्यूला टेकते.
डाव्या हाताची बोटं कापडावर फाकतात,
कापड उलट्या अंगानं किंचित खरखरतं.
काळ्याची उजवी कड, नखाच्या चंद्राएवढी,
बस, तेवढंच जग.

आणि तेव्हाच कूलर.

इतरांना तो ऐकूही आला नसेल,
त्यांच्यासाठी तो नुसता वारा.
मी कूलर दुरुस्त करतो, मला ऐकू येतं :
मोटरचं मागचं बेअरिंग सुकलंय.
दर चौथ्या फेऱ्याला कण्हतंय.
दहा दिवस काढेल. फार तर बारा.

उठतो. खडू लावलेल्या क्यूला खडू लावतो.
वाकतो. कण्हतं. उठतो.
डॉक्टर घड्याळ बघत नाहीत, भला माणूस,
माझी अक्कलदाढ काढली तेव्हाही असाच थांबला होता.

निमजेकाका, आमचे मार्कर, स्टुलावरून
ओठ न हलवता :
"काऊन बे, मच्छर चावून राह्यले का?"
"कूलर," मी म्हणतो.
"त्याले का होते? तो त्याचं काम करून राह्यला.
तू तुहं कर."

तिसऱ्यांदा वाकतो.
या वेळी त्याला बाकावर बसवत नाही,
मोजतो.
एक, दोन, तीन, कण्हणं.
एक, दोन, तीन, कण्हणं.
क्यू मागं, पुढं, मागं,
श्वासही त्याच्याच तालात.
तीनच्या पलीकडे, कण्हण्याच्या अलीकडे
एक बारीक फट आहे.
तिथून सोडला.

आणि लाइट गेली.

अंधारात काळा पडल्याचा आवाज,
चामड्यावर थप्प, मग जाळी.
कोणीतरी टाळी वाजवली, एकच.
पंखा मंदावतोय, कण्हणं लांबत चाललंय,
आणि त्याच्याखाली, अगदी खाली,
पांढरा अजून चालतोय.
कुशनला लागला.
पुन्हा लागला.
मग बराच वेळ काही नाही.
मग थप्प.

काकांनी टॉर्च पाडली.
"पांढरा बी गेला," एवढंच.

कड बघितली, रेषा बघितली, फटसुद्धा बघितली.
पांढऱ्याचं पुढे काय, ते कोणी बघायचं?
डॉक्टरांनी हात मिळवला.
त्यांचा तळवा माझ्याहून ओला होता.

स्क्रू ड्रायव्हर खिशात असतोच.
प्लग उपसला. मागची ताटी काढली,
मोबाइल दातांत धरला, उजेड शाफ्टवर.
चार स्क्रू, त्यातला एक आटे गेलेला.
जुनं ग्रीस काजळासारखं बोटाला आलं.
काकांनी क्यूला चोळायचं जवसाचं तेल दिलं,
ते इथं चालत नाही खरं तर, चिकट होतं,
पण आजच्या रात्रीपुरतं.
एक थेंब. शाफ्ट फिरव. ऐक.
अजून एक. फिरव.
कुठेतरी बारीक खडा आहे, डावीकडे,
तो निघाला की
आता निघेल
निघाला.

"अबे पराते," काका मागून म्हणाले,
"लाइट केव्हाची आली.
तो मोबाइल काढ आता तोंडातून."