तिसरी रांग

सेगेदच्या थिएटरात दोनशे अकरा प्रयोग.
इलदिको, बेनेडेक, एक टेबल, एक बंद दार.
दाराआड काय, ते मीही लिहिलं नव्हतं.

निर्माता म्हणाला, दार उघडा.
पूल हवा, पाठलाग हवा, निदान एखादं प्रेत.
मी चाळीस पानं खोडली. पूल लिहिला.
मग पूलही खोडला.

आज पहिला शॉट.
कॅमेरा इलदिकोच्या पापणीपाशी.
शेवटच्या रांगेपर्यंत फेकायचा आवाज
तिनं गिळला:
‘किल्ली कुठे ठेवलीस?’

इथे तिसऱ्या रांगेत दर वेळी
कुणीतरी खोकायचंच. आम्ही वैतागायचो.

बेनेडेक थांबला, त्या खोकल्यासाठी.

खोलीत आपण दोघंच आहोत
हे त्याला तेव्हा कळलं.
दार तसंच, बंद.