ओठांवरचा मजकूर

ऑर्मडेनमध्ये चाकाच्या बुटांवर घसरायचा एक हॉल होता.
तो बुडाला, जेथ्रो एन्टविसलनं घेतला,
आणि चुना मारलेल्या भिंतीवर चित्रं हलायला लागली.
आमच्या साप्ताहिकात पहिली बातमी चार ओळींची,
हरवलेली शेळी आणि खोकल्याचं औषध यांच्या मधोमध.
मीच जुळवली ती.
खिळे उलटे असतात, त्यामुळे मी उलटं वाचतो.
सुलट छापलेलं मला अजूनही जरा खोटंच वाटतं.

एक सांगायचं राहिलं.
गिरणीत नऊशे माग एकदम चालतात तेव्हा
शेजारी उभा राहून देव बोलला तरी ऐकू येत नाही.
म्हणून आमच्याकडे बाया नुसत्या ओठांनी बोलतात,
तोंड मोठं करून, दहा मागांपलीकडे :
कुणाचं दूध नासलं, कुणाचं लग्न मोडलं,
मुकादम आज कुठल्या पायानं उठलाय.
माझी हेप्झिबा बाराव्या वर्षी मागावर लागली.
तेव्हापासून ती ऐकत नाही, बघते.

तर त्या शनिवारी
पडद्यावर बायको मरत होती. नवरा गुडघ्यांवर.
मिस टॅटरसलनं पियानोचं डावं टोक गाठलं.
पाटी आली : देवा, माझं आयुष्य हिला दे.
आणि त्याचे ओठ म्हणाले
(तीन पेनीच्या बाकांवर, केसांत कापूस अडकलेल्या
चारशे बायांनी एकदम वाचलं)
'परत कांदा खाऊन आलीस?'
मरणारीनं डोळे न उघडता उत्तर दिलं,
'आधी माझ्या हातावरचा गुडघा काढ, गाढवा.'

हॉल नुसता खदखदला.
कुणीतरी बाकावरून खाली पडलं.
मिस टॅटरसल बिचारी वाजवतच राहिली.

संपादक थ्रेलफॉल पुढे, गादीच्या खुर्चीत.
कानांनी शाबूत माणूस.
त्यांनी लिहिलं : मृत्यूच्या गंभीर प्रसंगी
मागच्या बाकांवरून उठलेला हशा अनाकलनीय,
आणि गावाला खाली मान घालायला लावणारा.
पुढच्या अंकात पत्रं आली. एक पाद्री. एक दंतवैद्य.
'एक माता', जिची अक्षरं मला दंतवैद्याचीच वाटली.
गिरणीतल्या पोरींची काळजं दगड झालीत काय?
मी सगळं जुळवलं, ओळींच्या कडा सारख्या केल्या.
हेप्झिबानं विचारलं, तू सांगितलं का नाहीस त्यांना?
म्हटलं, मी अक्षरं लावतो, मजकूर लावत नाही.
हे वाक्य तेव्हा मला फार शहाणं वाटलं होतं.

पंधरा-सोळा वर्षं असंच चाललं.
पेपरात एक सिनेमा, बाकांवर दुसरा.

मग पहिल्या पानावर, आडव्या दोन रकान्यांत,
लाकडी मोठे ठसे काढावे लागले :
पडद्याला वाचा फुटली.
खाली थ्रेलफॉल : आता लहानथोर सर्वांना
प्रत्येक शब्द स्पष्ट कळेल.

हेप्झिबा अर्ध्यातून उठून आली.
कर्ण्यातून घरघर येते, म्हणाली, माग चालल्यासारखी.
पाट्या गेल्या.
आणि नट आता पाठ करून बोलतात,
दाराआडून बोलतात,
त्यांना आता तोंड दाखवायची गरज राहिली नाही.
एवढं ती आवाजानं बोलली.
पुढचं टेबलापलीकडून, दिवा मधे, नुसत्या ओठांनी.
लांब वाक्य होतं. मला त्यातला कांदा तेवढा कळला,
म्हणून मी हसलो.
ती हसत नव्हती.

सकाळी छापखान्यात कुणी यायच्या आधी
मी ते वाक्य पट्टीवर लावायला घेतलं,
दिसलं होतं तेवढं,
न कळलेल्या शब्दांना कोरे खिळे टाकत.
पट्टी जवळजवळ कोरीच भरली.
दारात थ्रेलफॉलांची काठी वाजली
तेव्हा एकेक खिळा
परत ज्याच्या त्याच्या खणात.