उजव्या अंगानं

सेलूच्या रेल्वे फाटकाजवळ लिंबाजी काळदातेचं दुकान.
हवेची टाकी, पाण्याची परात,
बाभळीला टेकवलेली टायरं.
कुणाचं कुठलं, त्याला सांगावं लागत नाही.

"हे दूधवाल्याचं. मधोमध गुळगुळीत, कडा कोऱ्या करकरीत.
पाथरीपस्तोर सगळा सरळ रस्ता, वळायचं कुठं?
वळायला मिळालं नाही की टायर पोटावर झिजतं.
हे ग्रामसेवकाचं. हवा भरायचा कंटाळा.
दोन्ही कडा गेल्या, मधली नक्षी बघा, तशीच.
आणि हे पोरगं,"
त्यानं चट्टा पडलेलं एक टायर फिरवलं,
"कॉलेजचं गेट आलं की करकचून ब्रेक."

मी लाइटच्या मीटरचं रीडिंग घेणारा.
सात गावं, चौदाशे मीटर.
लोक बोलतात ते बोलतात, आकड्याचं आपलं बरं असतं.
पण माझ्याच मागच्या चाकाचा आकडा जुळेना:
तेरा हजारातच आतले दोरे दिसायला लागले,
घेताना दुकानदार वीस म्हणाला होता.

ऊन असेल, मी म्हणालो.
मे महिन्यात वालूरच्या रस्त्यावर डांबर पाघळतं,
गाडी उभी केली की स्टँड आत रुततो.
नाहीतर खडी. दोन वर्षं झाली पसरून,
रोलर काही येईना.
लिंबाजीनं दोन्हीला मान डोलावली
आणि जोंधळ्यात खडा शोधावा तसं
टायर बोटांनी चाचपत राहिला.

"उजव्या अंगानं जास्त गेलंय.
रस्त्याला कडेकडं उतार असतो, त्यानं थोडं जातं.
पण इतकं? मागं कोण बसतंय?"
बायको. अंगणवाडीला सोडतो.
"एका अंगाला बसत्यात?"
व्हय. डावीकडं.
"आणि सामान?"
वजनकाटा, खाऊची पाकिटं, अकरा रजिस्टरं.
तेही डावीकडंच, तिच्या मांडीवर.

"मग तुमी गाडी उजवीकडं कलती धरत असाल.
वजन त्या अंगाला, झीज ह्या अंगाला.
असंच असतंय सायेब," म्हणाला,
आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या ट्यूबमध्ये हवा भरायला गेला.

नऊ वर्षं.
मला वाटायचं मी सरळ चालवतोय.

नवं टायर टाकलं. त्याच दिवाळीत
सत्यशीलाचं थकलेलं मानधन एकदम आलं.
जिनिंगच्या मोकळ्या आवारात, सरकीच्या वासात,
ती आठ दिवस स्कूटी शिकली.
मी मागून पळत होतो. नवव्या दिवशी
पळायचं काही कारण उरलं नाही.

परवा लिंबाजीनं माझं चाक पाहिलं.
सोळा हजार, अजून नक्षी आहे.
"आता एकदम पोटावर," तो म्हणाला, "दूधवाल्यासारखं."
मी पैसे दिले.

वालूरच्या पुलाआधी रस्ता उखडलाय,
तिथं ती माझ्या कमरेला धरायची.
अजूनही तिथं आलं की खांदा आपोआप उजवीकडं जातो,
गाडी उगीच डोलते,
मागं कुणी नसताना.

काल तसाच डोललो, तर मागून हॉर्न.
वजनकाटा पायाशी, पदर खोचलेला,
ती शेजारून पुढं निघून गेली.
जाता जाता ओरडली,
"हवा बघा मागची! बसल्यासारखी दिसायलीय!"
आणि पुढच्या खड्ड्यापाशी
असा ब्रेक मारला
की लिंबाजी ऐकता तर हळहळला असता.